म्हणजे किती अंडी?

आमच्या मिलेनाबाईंना कुठल्याही वस्तूची किंमत सांगा, त्या डोळे बारीक करतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि विचारतात, "म्हणजे किती अंडी?"

अगदी पहिल्या भेटीत हेच झालं. मुलाकडे फ्रँकफर्टला येऊन मला दोनच दिवस झाले होते. जिन्यात समोरून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई आली. आली ती थेट माझ्या शालीचं टोक दोन बोटांत धरून पोतच बघायला लागली, एखाद्या मावशीसारखी, परवानगी वगैरे काही नाही. मग किंमत विचारली. मी रुपयांत सांगितली. माझ्या मुलानं, अभिजितनं, युरोत करून दिली. बाईंनी ती अंड्यांत केली. "एकशे दहा," म्हणाल्या. "चांगली आहे. तुम्हाला फसवलेलं नाही."

आता आमच्या घरी अंडं येतं ते फक्त केकमधून, आणि तेही मी विचारत नाही म्हणून. त्यामुळे आपली शाल अंड्यांनी तोलली जातेय हे मला जरा जडच गेलं. पण बाईंनी माझी शाल पुन्हा नीट खांद्यावर घालून दिली, आणि मी विरघळले. मला कुणी पदर सारखा करून दिला की मी विरघळतेच.

त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या बेलग्रेडच्या. तिथे शाळेत भूगोल शिकवायच्या. "मी शिकवलेला नकाशा आता कुठेच मिळत नाही," असं त्या हसत हसत सांगतात, कारण त्यांचा तो युगोस्लाव्हिया नावाचा देश मोडला आणि त्याचे तुकडे झाले. तीस वर्षांपूर्वी त्या इथे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत मोठमोठ्या बँकांच्या इमारतींत साफसफाई केली. माझं जर्मन म्हणजे भाजीच्या दुकानात उभं राहून शिकलेलं, त्यांचं बादली आणि फडकं घेऊन. दोघींचं सारखंच मोडकं, म्हणून आमचं छान जमलं. मला त्या 'सुमना' म्हणतात. सुमन म्हटलं की त्यांना अर्धवट वाटतं.

तर अंडी. केस कापायचे म्हणजे दीडशे अंडी, म्हणून त्या घरीच कापतात आणि मागून जरा वाकडे कापतात. ट्रामचं तिकीट बारा अंडी. माझ्या नातीला नवी सायकल घेतली तेव्हा त्या जिन्यात मटकन बसल्याच. "बाराशे! सुमना, बाराशे अंडी! एवढ्यात एक शाळा जेवेल!"

अभिजित बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो, त्याला राहवेना. तो म्हणाला, "पण फ्राउ मिलेना, अंड्याचा भावसुद्धा बदलतोच की."

"भाव बदलतो," बाई म्हणाल्या. "अंडं बदलतं का?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

त्यांच्याबरोबर कॉफीला जायचं म्हणजे आणखी एक मजा. कप टेबलावर टेकायच्या आत त्या पैसे पुढे करतात. वेटर म्हणतो, सावकाश द्या, आधी प्या तर खरं. बाई मान हलवतात. "नाही, सोफोर्ट!" म्हणजे ताबडतोब, आत्ताच्या आत्ता. हा त्यांचा लाडका शब्द. एकदा मी विचारलं, एवढी काय घाई? तर म्हणाल्या, "मी कॉफी मागवली तेव्हा एक भाव आणि कप रिकामा झाला तेव्हा दुसरा, असं मी पाहिलंय. तेव्हापासून गरम कॉफी भराभरा प्यायची सवय लागली. जीभ भाजायची, पण परवडायचं."

त्यांचं पेन्शन महिन्याच्या शेवटी जमा होतं. त्या दिवशी त्या चाकांची पिशवी घेऊन निघतात आणि दुपारपर्यंत पैशांच्या वस्तू करून टाकतात. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक कोठडी असते, केलर म्हणतात. लोक त्यात जुन्या सायकली ठेवतात. बाईंच्या केलरमध्ये मीठ, साखर, काड्यापेट्या, मेणबत्त्या, साबण आणि पायमोजे. पायमोजे इतके, की एखाद्या गोमेला सुद्धा जन्मभर पुरतील. मी म्हटलं, "अहो, इथे कसला दुष्काळ पडतोय?" तर म्हणाल्या, "तिथेही पडला नव्हता. दुकानात बाई होती, फळ्या होत्या, पाटी होती. फक्त पैसे मेले होते."

आता आमच्या युद्धाचं सांगते.

माझ्याकडे एक स्टीलचा डबा आहे. आईनं लग्नात दिलेला, झाकणावर 'सौ. सुमन' कोरलेलं. त्या डब्यातून मी एकदा त्यांना पोहे दिले. तासाभरात दार वाजलं. डबा परत, वर त्यांच्या ताटलीत सफरचंदाचा केक. "चार अंड्यांचे पोहे, चार अंड्यांचा केक," बाई म्हणाल्या. "फिटलं."

आता कुणाची भरून आलेली ताटली आपण रिकामी कशी पाठवणार? मी त्यांच्या ताटलीत चिवडा घालून पाठवला. तासाभरात ताटली परत, आत लोणच्यातल्या मिरच्या. मी करंज्या दिल्या. त्यांनी जॅम दिला. माझा नियम, भांडं रिकामं जायचं नाही. त्यांचा नियम, कुणाचं काही रात्रभर घरात ठेवायचं नाही. आता हे संपणार कसं, सांगा! पहिल्या उन्हाळ्यात माझं वजन तीन किलोनं वाढलं. सून रेवती म्हणायची, "अहो आई, तुम्ही दोघींपैकी एकीनं हार माना ना आता!"

रविवारी तर कहर. रविवारी इथे दुकानं कडकडीत बंद. मी नेमकं रविवारी थालीपीठ दिलं आणि बाईंच्या घरात केलेलं काहीच नव्हतं. तासाभरात डबा आला. उघडला, तर आत दोन बल्ब, एक मेणबत्ती आणि पायमोज्यांची जोडी. रेवती हसून हसून खाली बसली. मी मात्र पायमोजे घातले. थालिपिठाच्या मानानं फारच चांगले निघाले.

मला व्हिसावर एका वेळी तीनच महिने राहता येतं. पुढे दर उन्हाळ्यात आले की असंच चालायचं, आणि निघायच्या आदल्या दिवशी बाई वर बोलवून विचारायच्या, "माझ्याकडे तुमचं काही आहे? नाही. तुमच्याकडे माझं काही आहे? नाही. बरं." मग हात मिळवायच्या, दुकान बंद केल्यासारख्या. मला ते कधी आवडलं नाही. आपल्याकडे जाताना काहीतरी मागे राहावं असं वाटतं. पण म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला. मी मऊ भात आणि वर तूप घालून डबा दिला आणि बजावलं, "झोपा. डब्याची काळजी नको." तासाभरात जिन्यात धाडकन आवाज. रेवती आणि मी धावलो. बाई पायरीवर बसलेल्या, तोंड लाल, कठड्याला घट्ट धरलेलं, आणि मांडीवर माझा डबा, त्यात बिस्किटं भरलेली.

मी चिडलेच. मराठीतच चिडले, जर्मनमध्ये मला तेवढं चिडता येत नाही. "वेड लागलंय का तुम्हाला? उद्या दिला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? मी मागायला आले होते का?"

रेवतीनं ते जरा सौम्य करून सांगितलं. तिथेच पायरीवर बसून बाई बोलायला लागल्या. भराभरा बोलत होत्या, माझ्या कानाला झेपेना, म्हणून रेवती मला सांगत गेली.

बेलग्रेडला त्यांच्या शेजारी व्हेस्ना नावाची मैत्रीण होती. भिंतीला भिंत. व्हेस्नानं शिलाई मशीनसाठी पैसे साठवले होते. मिलेनाबाईंची आई आजारी पडली, औषधं हवी होती. व्हेस्नानं सगळे पैसे आणून दिले. म्हणाली, होतील तेव्हा दे.

"दोन महिन्यांनी मी दिले," बाई म्हणाल्या. "सगळे. एक दिनारही कमी नाही. नोटा मोजून, पाकिटात घालून."

पण त्या दोन महिन्यांत भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक झाले होते. नोटांवर शून्यं वाढत होती. ती मावेनाशी झाली की सरकार एका रात्रीत पुसून टाकायचं आणि नव्या नोटा काढायचं. शिक्षकांचा पगार हातात येईपर्यंत विरघळायचा. आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर सांगायचे, हे कुणामुळे झालं. ते दुसरे, वेगळ्या चर्चमध्ये जाणारे, त्यांच्यामुळे. व्हेस्ना त्या दुसऱ्यांपैकी होती.

"लोक आधी हसायचे टीव्हीला," बाई म्हणाल्या. "मग पिशवी रिकामी घेऊन घरी यायचे, आणि त्यांना ते पटायला लागायचं. बँकेवर रागावून काय करणार? शेजारी हाताशी असतो."

पाकीट देऊन त्या दुकानात गेल्या. अंड्याचा भाव पाहिला आणि तिथेच उभ्या राहिल्या. मशीनच्या पैशांची दोन अंडी झाली होती.

"मी परत गेले. दार वाजवलं. सांगायचं होतं, व्हेस्ना, मला कळलंच नाही, मी मुद्दाम नाही केलं. तिनं दार उघडलं नाही. तिला वाटलं असणार, हीसुद्धा त्यांच्यातलीच. पुढच्या महिन्यात ते घर सोडून गेले. मी पत्रं लिहिली. परत आली." बाईंनी डबा मांडीवरून उचलून माझ्या हातात दिला. "माझी आई त्यानंतर सहा वर्षं जगली, सुमना. व्हेस्नाच्या मशीनवर जगली."

मी डबा घेतला. त्यात काही घालून परत पाठवायचं मात्र त्या दिवशी मला सुचलं नाही. दोघींनी धरून त्यांना वर नेलं आणि मी त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसले.

यंदाचा उन्हाळा संपायला आला तेव्हा माझा उजवा गुडघा पार गेला होता. सांगलीला जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षीच्या प्रवासाचं आत्ताच काही सांगता येत नाही. मी ते मिलेनाबाईंना सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची अंडी किती होतात तेसुद्धा विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी शंकरपाळे केले आणि डबा भरून दिला. तास झाला. दोन झाले. संध्याकाळ झाली. डबा नाही. "आई, जाऊ द्या, नवा घेऊ," असं रेवती म्हणाली, पण मला डब्याची काळजी नव्हतीच. मला वाटलं, बाईंना काहीतरी झालं. सकाळी टॅक्सी खाली उभी असताना मी एक एक पायरी मोजत, गुडघ्याला शिव्या देत वर गेले.

दार लगेच उघडलं. बाई नीट कपडे घालून, केस विंचरून उभ्या. डबा त्यांच्या मागे टेबलावर, धुऊन पुसून ठेवलेला. झाकणावरचं माझं नाव इकडे तोंड करून.

"बऱ्या आहात ना?" मी विचारलं.

"बरी आहे."

"शंकरपाळे?"

"संपले. छान होते. सहा अंडी."

मी हात पुढे केला. बाई टेबलाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "देणं आहे. तुम्ही आलात की देईन."

एवढी मोठी बाई, पण लहान मुलीसारखी दोन्ही हात पसरून वाट अडवून उभी. मी म्हटलं, "आणि तोपर्यंत भाव बदलला तर?"

"बदलू दे," मिलेनाबाई म्हणाल्या.

गुडघा आता वाकतो. काल रेवतीनं फोनवर विमानाच्या तिकिटाची किंमत सांगितली, आणि मी डोळे बारीक करून अंड्यांचा हिशेब करत बसले.