उरलेली शंका

तपासणी झाल्यावर उरलेली शंका ऑफिसातल्या सर्वांत धाकट्या माणसाने घरी न्यायची, आणि का असं विचारायचं नाही, हे मुग्धा खुटवडला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. खोलीत शंका असेपर्यंत प्रमाणपत्रावर सही करता येत नसे. शाई उमटतच नसे.

मुग्धाने आजवर दोन नेल्या होत्या. कालव्याची माळ्यावर असे. पाणीपट्टीची आईच्या पायाशी झोपे. "गुणी आहे, पण वाढते फार," एवढीच आईची तक्रार होती.

आज कोळवडी धरणाचे दरवाजे उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची तपासणी झाली. पहिली यंत्रणा बंद पडली तर दुसरीने काम करायचं, अशी रचना होती. तपासणी संपली आणि टेबलाजवळ शंका उरली. करड्या रंगाची, कोमट, वासराएवढी.

"न्या मॅडम," पेनाचं टोपण काढत निमकरसाहेब म्हणाले. "लोकार्पण उद्यावर आलंय."

"साहेब, ही एवढी मोठी का, ते तरी बघा. दोन्ही यंत्रणा पाण्याची पातळी एकाच मीटरवरून घेतात. मीटर चुकला तर दोघी एकमताने चुकणार."

"आजवर चुकलाय का कधी?" निवृत्तीला आलेल्या ढमढेरेकाकांनी विचारलं.

"काका, तो परवाच बसवलाय."

"पोरी, तुझ्या वयात आम्हीही नेल्या. कुरकुर केली नाही."

"मग कुठे आहेत त्या?"

काकांनी चष्मा पुसला. "एक बंधाऱ्याची होती. बारा वर्षं सांभाळली. बंधारा फुटला त्या दिवशी घरातून निघून गेली."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? सही साहेबांची होती."

मुग्धाने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"धरणाखालच्या पहिल्या गल्लीत माझी मावशी राहते. मीटर दुसरा लावा, वेगळ्या जागी, वेगळ्या तारेवर. मग ही आपोआप लहान होईल. तोवर मी हिला नेणार नाही. आजही नाही आणि उद्याही नाही."

"नियम आहे, मॅडम."

"असू दे."

निमकरसाहेबांनी सही करून पाहिली. कागद कोराच राहिला. शंकेने जवळ येऊन त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकली. साहेब पाय हलवेनात.

शेवटी ढमढेरेकाका उठले आणि त्यांनी शंकेपुढे पाण्याचं भांडं ठेवलं.