आजेसासूबाईंचे चित्र आणि चूर्णाची पुडी

श्रीवाग्देवता प्रसन्न. रंग कालविणारे आणि रंग राखणारे, उभयतांस दंडवत घालून मजकूर लिहितो ऐसाजे. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सरे, ज्येष्ठमासी एके दौलतीत सरकारी चित्रशाळा होती, आणि तिचा कारभार अंताजीपंत गुळवणे यांजकडे होता. नगरातील द्वारकाबाई सरपोतदार यांनी आपल्या आजेसासूबाईंचे तैलचित्र तेथे ठेवावयास दिले होते, आणि देते समयी बजाविले होते की, वस्तू आमची, तुम्हांस फक्त भिंतीपुरती दिली. चित्रातील बाईंची मुद्रा ऐसी करारी की पाहणाराने आपसूक सदऱ्याची गुंडी लावावी. पंतांस त्या चित्राचा अभिमान भारी, आणि जो येई त्यास म्हणत, "काढा, फोटो काढा, चारजणांस दाखवा!" मग लोकांनी मोबाईल उगारावे आणि पंतांनी शेजारी उभे राहून मिशीवर हात फिरवावा, ऐसे वर्षभर चालिले.

मग एके दिवशी द्वारकाबाई रिक्षातून उतरोन तडक आत आल्या, आणि पंतांचे मेजावर पाचक चूर्णाची पुडी आपटिली. पुडीवर आजेसासूबाई साक्षात, आणि खाली अक्षरे, 'गॅसवर जालीम उपाय'!

बाई गरजल्या, "हयातीत यांच्यापुढे मामलेदार उभा राहून बोलत असे, आणि आता वाण्याच्या दुकानात माळेने लटकल्या आहेत! फोटो काढू कोणी दिला? चित्र मी आजच घरी नेते."

पहारेकरी सखाराम दाराशी उभा होता, त्याचे नाव जिभेवर आले, आणि त्याचे भाबडे तोंड पाहोन पंतांनी ते गिळिले. मग म्हणाले, "बाई, मीच दिला. हौसेने दिला. तुम्हांस विचारावयास हवे होते, ते विचारिले नाही."

बाई बोलिल्या, "खरे बोललात म्हणून थांबते. आधी त्यांना पुडीवरून उतरवा."

पंत तैसेच चूर्णवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "पंत, आपणच म्हणालात, चारजणांस दाखवा. मी चार हजारांस दाखविले!" परंतु चित्र कोणाचे हे कळताच त्याने कान धरिले आणि पुड्यांचा छाप बदलिला. मग चित्रापाशी पाटी लागली की, हे चित्र दुसऱ्याचे, आपणांस पाहावयास दिले आहे, फोटो काढू नये.

लोक कुरकुरले. एक मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग घरी जाऊन काय दाखवू?" पंत म्हणाले, "बसा, सांगतो," आणि चित्राची हकीकत रंगवून सांगो लागले. द्वारकाबाई पाटी पाहावयास आल्या होत्या, त्या मागून म्हणाल्या, "साफ चुकलात!" आणि स्वतःच बाकावर बसल्या. "चितारी आठ दिवस विनवीत होता, बाईसाहेब, थोडे हसा. आजेसासूबाई म्हणाल्या, हसण्यासारखे काढ, मग हसेन." दालन हास्याने भरले, आणि बंद होण्याची घंटा जाहली तरी कोणी उठेना, तेव्हा पंतांनी सखारामास खूण केली की, दार राहू दे.

एकंदर, चित्र दालनी राहिले, बाईंचा राग निवाला, आणि पंतांनी धन्यास विचारिल्यावाचून फोटो काढू देणे सोडिले. जैसे घडले तैसे लिहिले, लेखनसीमा.