बेवारस वाक्यांची चौकशी

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक वाक्याचं कारण दाखवावं लागतं. (डोळे मिटून पुढचं वाचता येत नाही, उघडा.) भाषा ही फार जबाबदारीची गोष्ट आहे. ती नुसती येऊन भागत नाही. ती का येते, तेही यावं लागतं.

आमच्या गावात परमुलखातून एक मावशी आली. दोन वर्षं पावाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालता घालता तिने आमची भाषा उचलली. मग हुकूम निघाला: दुकानात राहायचं तर भाषामंडळाचा दाखला हवा. मावशी परीक्षेला बसली. सोबतीला भाची, वय वर्षं सात.

मावशी चाळीस वाक्यं बोलली. चाळीसही बरोबर. परीक्षकांनी एकेकाचा नियम विचारला.

"नियम कुठला, साहेब? दुसरं काही म्हटलं की कानाला खुपतं."

मंडळाने सहानुभूतीने विचार केला. वाक्यं बरोबर होती, पण बेवारस होती. गुण शून्य. (कान हा अवयव अभ्यासक्रमात नाही.) पुढच्या उमेदवाराला दोनशे बारा नियम तोंडपाठ होते. तो एकही वाक्य बोलला नाही, त्यामुळे त्याची एकही चूक झाली नाही. तो पहिला आला. मावशीची जागा त्यालाच मिळाली.

सोमवारी सकाळी एका आजोबांनी त्याला विचारलं, मऊ पाव आहेत का. उत्तर बिनचूक हवं, म्हणून तो पहिल्या नियमापासून निघाला. दुपारपर्यंत तो एकशे चाराव्या नियमावर पोचला आणि रांग कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत. मधल्या वेळात पाव कडक झाले. मंडळाच्या दप्तरी त्या दिवसाची नोंद 'निर्दोष' अशी आहे.

मावशी घरी गाठोडं बांधत होती. प्रवासासाठी पाव आणायला तिने भाचीला पाठवलं होतं. ती रांगेत उभी होती, तेवढ्यात परीक्षकसाहेब रांग मोडून पुढे घुसले. "अरे, दे की लवकर, पोटात कावळे ओरडतायत."

भाचीने त्यांची बाही ओढली. "काका, ह्याचा नियम?"

साहेब गंभीर झाले. नियम बघायला कचेरीत गेले, ते अजून तिथेच आहेत. दुकानाच्या मालकीणबाईंनी मावशीला निरोप धाडला: गाठोडं सोड आणि ये, दाखल्याचं काय ते साहेब बाहेर आल्यावर बघू.

भाची मात्र तिथे थांबली नाही. ती तुमच्याकडे आली. तुम्ही इथवर न अडखळता वाचलंत, मध्ये एकदोनदा हसलातही. ते कुठल्या नियमाने, एवढंच तिने विचारलं. तुम्ही आठवू लागलात. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि तुमच्या हातातलं पुस्तक हळूच मिटून ठेवलं.