चिंचेवरची वटवाघळं आणि काखेतला जंतू

पुंजाजींची बायको कोकिळाबाई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशी शेजारच्या शेषरावांनी आधी पुंजाजींच्या अंगणातल्या चिंचेकडे पाहिलं, मग पुंजाजींकडे.

"वटवाघळायनंच नेली वहिनीले."

"हृदय बंद पडलं तिचं," पुंजाजी म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं."

"जंतू हृदयातच बसतात, भाऊ. दहावं झालं की चिंच तोडू. पंचायतीत ठरावच घेतो."

चिंचेवर दोनशेक वटवाघळं लटकत. कोकिळाबाई रोज संध्याकाळी त्यांना नावं ठेवत बसायच्या. पुंजाजींच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. बाई गेली, आता हा कलकलाटही गेला तर अंगणात बसायचं कशाला, एवढंच पुंजाजींना सुचत होतं.

त्यांची भाची पायल चिखलीच्या कॉलेजात जंतूंचा अभ्यास करायची. पाचव्या दिवशी ती झाकणाच्या दोन काचेच्या बश्या घेऊन आली. "मामा, वटवाघूळ आन् आपल्या कातडीवरचा जंतू, दोघायची एकाच तक्त्यात तुलना करू. मंग पाहू कोण जास्त वाईट."

सुतकामुळे पुंजाजींच्या अंगाला पाच दिवस साबण नव्हता. शेषराव दिवसातून दोनदा साबण लावत आणि गावाला सांगत. त्यांनी आपणहून बनियन वर केली. "घे माह्या काखेतून. सापडला त दाखव!"

पायलने दोघांच्या काखेत कापसाची काडी फिरवून बश्यांत टेकवली. दोन दिवसांनी पुंजाजींच्या बशीत दहा-बारा ठिपके होते. शेषरावांच्या बशीत जणू साबुदाणा सांडला होता.

"हे काय व्हय?"

"तुमचेच जंतू, काका. सगळ्यायच्या अंगावर राह्यतात. न विचारता राह्यतात, पण वाईट जंतूले जागा देत नाहीत. वटवाघूळही न विचारता लटकते, पण झाडायच्या बिया पेरते."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. सून सुचिताने शेषरावांचं ताट बाहेर ओट्यावर मांडलं. न्हाव्याने वस्तरा लावायला नकार दिला. शेषरावांनी फिनाईलने आंघोळ केली, अंग लालभडक झालं आणि जंतू बाहेर आले असं गावाने ठरवलं.

नवव्या दिवशी ते पुंजाजींजवळ येऊन बसले. एक सुतकात, दुसरा जंतूंत. गावात एकमेकांना चालतील असे दोघेच उरले होते.

"जंतू चांगले असतात म्हणून सांग ना बे लोकायले!"

"सांगतो. पण पोरीनं दोघायले एकाच तक्त्यात लिवलं. जंतू चांगला त वटवाघूळही चांगलं."

"हाव, चांगलं! लई चांगलं!"

दहाव्यानंतर पंचायतीत शेषराव वटवाघळांच्या बाजूने वीस मिनिटं बोलले. ठराव बारगळला. पुंजाजींनीही कबूल केल्याप्रमाणे जंतूंची बाजू मांडली. सुचिताने ताट घरात घेतलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुंजाजींच्या दारात मोटरसायकल लावली. "चाल, वहिनीच्या मृत्यूचा दाखला घेऊन येऊ."

"उद्या जाऊ," पुंजाजी म्हणाले.

याला पाच महिने झाले. दाखला अजून आणलेला नाही. कागदावर कोकिळाबाई घरीच आहेत.