टायरच्या भेगा

इंदूबाई परबांना अमेरिकेत येऊन दोन महिने झाले होते आणि या दोन महिन्यांत मुलानं, केदारनं, त्यांना एकच काम सांगितलं होतं : आई, तू काही करू नकोस. भांडी यंत्र घासत होतं, कपडे यंत्र वाळवत होतं, आणि केर काढायला एक चपटं यंत्र घरभर सरपटत होतं. कुडाळच्या घरात जिच्या शब्दाशिवाय चाळीस वर्षं चूल पेटली नाही, ती बाई मुलाच्या बॉथेलच्या घरात सोफ्यावर बसून त्या चपट्या यंत्राला पाय उचलून वाट देत होती.

या सगळ्यात एकच गोष्ट त्यांची स्वतःची म्हणावी अशी होती. शनिवारी लेकीचं, आश्लेषाचं, डोहाळजेवण होतं. आश्लेषा राहायची डोंगरापलीकडे, स्पोकेनला, मोटारीनं पाच तासांवर. पहिली ओटी मुलीच्या आईनं भरायची, हा परबांकडचा रिवाज. पण आश्लेषाच्या सासूबाई, वसुधाताई, नागपूरहून तिथं आधीच येऊन बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या नुसतं ‘नमस्कार’ म्हणाल्या तरी समोरच्याला आपली नखं कापलेली आहेत ना, हे तपासावंसं वाटे. दुपारी दोनपर्यंत इंदूताई पोहोचल्या तर उत्तमच, नाहीतर पहिली ओटी मी भरीन, मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही, असं त्यांनी गोड आवाजात कळवून ठेवलं होतं. चौथीत शाळा सुटलेल्या इंदूबाईंच्या कानात तो गोड आवाज चार दिवस कुसळासारखा टोचत होता.

मधे होता घाट, आणि घाटात पडला होता बर्फ. केदारनं साफ सांगितलं होतं, की गाडीला विंटर टायर लावल्याशिवाय तो घाट चढणार नाही, मग डोहाळजेवण असो की बारसं. टायर घ्यायचे तर नुसते कसे घेणार? इंजिनिअर माणूस. त्यानं उन्हाळी आणि हिवाळी टायरांचा भलामोठा तक्ता केला आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

“हे बघ आई, समर टायरचं रबर थंडीत कडक होतं. टेम्परेचर सातच्या खाली गेलं की ते रस्ता धरतच नाही. विंटर टायरचं रबर थंडीतपण सॉफ्ट राहतं.”

“म्हणजे साजूक तूप आणि तिळाचं तेल,” इंदूबाई म्हणाल्या. “एक थिजतं, एक थिजत नाही. एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला उघडलास?”

सून इशिता म्हणाली, की आमच्या ऑफिसात एवढं कळायला तीन मीटिंगा लागल्या असत्या. पुण्याची सून आपणहून कौतुक करते आहे म्हटल्यावर इंदूबाईंनी पदर सारखा केला. टायर या विषयातलं जे काही असतं ते आपल्याला कळलं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. केदार दुसरा मुद्दा सांगणार होता, बर्फ धरता यावा म्हणून टायरवर मुद्दाम पाडलेल्या बारीक चिरांचा. पण तेवढ्यात आश्लेषाचा फोन आला, इंदूबाई उठून गेल्या, आणि दुसरा मुद्दा तक्त्यातच राहिला.

शुक्रवारी दुकानातून चारही नवी चाकं घरी आली आणि गॅरेजमध्ये एकावर एक रचली गेली. संध्याकाळी काम संपलं की केदार ती स्वतः गाडीला लावणार होता. तो वर खोलीत कानांवर डबडी चढवून मीटिंगमध्ये बसला होता, इशिता ऑफिसला गेली होती. इंदूबाई सहज चाकं बघायला गेल्या आणि वाकून एकेक निरखू लागल्या.

गाडीखालचा जुना टायर कसा, रुंद, चार सरळ रेघा ओढलेला, नितळ. आणि हे नवे? इथूनतिथून भेगाळलेले. उभ्या भेगा, आडव्या भेगा, नागमोडी भेगा. जन्मभर चिखलात लावणी केलेल्या बाईच्या टाचेलाही एवढ्या नसतील. केदारला फसवलं होतं. रबर कुठंतरी वाळत पडलं असणार आणि ह्या शिकलेल्या गाढवानं तक्ता बघितला, टायर बघितला नाही.

त्या वर गेल्या, दार ढकललं. केदारनं पडद्यावरची नजर न काढता हात हलवला. “आई, मीटिंग. नंतर.” पुन्हा गेल्या तेव्हा त्यानं दोन्ही हात जोडले. तिसऱ्यांदा जाण्याएवढा कमीपणा इंदूबाईंनी नवऱ्यापुढंही घेतला नव्हता.

भेगांना उपाय काय, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. कोकमतेलाचे आठ गोळे त्यांनी बॅगेतून आणले होते, लेकीच्या पोटाला आणि सुनेच्या टाचांना. त्यातले सहा कढईत वितळवले, गॅरेजमध्ये पाट मांडला आणि एकेक भेग भरायला घेतली. तीन तास लागले. शेवटी फडक्यानं वरून पुसून काढलं, तेव्हा चारही टायर तुळतुळीत, भेगेचा मागमूस नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांची कंबर दुखली आणि त्यांना फार बरं वाटलं. संध्याकाळी केदारनं चाकं चढवली. हाताला चिकट लागलं, पण नवा माल आहे, असेल काहीतरी, म्हणून त्यानं हात धुतले.

शनिवारी सकाळी सात वाजता नारळ, खण आणि तिघं माणसं घेऊन गाडी निघाली आणि थांबायची राहिली. दारासमोरच्या उतारावर गोठलेल्या दहिवराचा पांढरा थर होता. केदारनं ब्रेक दाबला, चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती शांतपणे, एखादी पाहुणी बाई घरात शिरावी तशी, बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात शिरली. डबा आडवा झाला. केदार गाडी मागं घ्यायला गेला, तर चाकं जागच्या जागी गरगर फिरली. शेवटी इशितानं बासमतीची रिकामी तागाची पोती चाकांखाली घातली तेव्हा कुठं गाडी रस्त्याला लागली.

केदार खाली उतरून टायरवरून बोट फिरवत होता. इंदूबाईंनी खिडकीतून बघितलं. तेल थिजून मेणबत्तीसारखं घट्ट झालं होतं. साजूक तूप आणि तिळाचं तेल. त्यांना सगळं कळलं, आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसल्या.

टायरचं दुकान सपाट रस्त्यावर अर्ध्या मैलावर होतं. सगळे दिवे लुकलुकवत, पायी चालणाऱ्यांना पुढं जाऊ देत गाडी तिथं पोहोचली. वाटेत केदार दुकानदाराला काय काय सुनावणार आहे ते म्हणून बघत होता. मागच्या सीटवर इंदूबाई नारळाची शेंडी नीट करत होत्या.

दुकानाची मॅनेजर जोॲन नावाची दांडगी बाई होती. ती गुडघ्यावर बसली, टायर नखानं खरवडला, वास घेतला, आणि केदारनं अर्धं भाषण करायच्या आतच माफी मागून मोकळी झाली. कारखान्यात साच्याला काहीतरी मेणचट लावतात, ते राहून गेलं असणार, म्हणाली. चारही टायर फुकट बदलून देते, अर्ध्या तासात निघा. तिनं फॉर्म काढला.

इंदूबाईंनी हिशेब केला. पावणेनऊला निघालो तर दोनच्या आत स्पोकेन. पहिली ओटी आपली. तोंड मिटून बसायचं, बस्स.

जोॲन लिहिता लिहिता अजून काहीतरी बोलली आणि तिनं मान हलवली.

“काय म्हणते?” इंदूबाईंनी सुनेला विचारलं.

“काही नाही, आई. म्हणते, ज्यानं कुणी हे केलंय त्याला कामाची अक्कल नाही. गचाळ काम आहे.”

“गचाळ?”

“तसंच काहीतरी.”

इंदूबाई उठून काउंटरपाशी आल्या. “केदार, सांग तिला. एकेक भेग करंगळीनं भरलीय. चार चाकं, तीन तास. एक तरी सुटलीय का दाखव म्हणावं. वर पुसूनसुद्धा घेतलंय. हिच्या कारखान्यात कुणाच्या बापाला जमेल काय असं?”

जोॲननं लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि केदारकडे पाहिलं.

“आई,” केदार म्हणाला, “तू?”

“मग काय शेजारीण येणार होती? तुला दोनदा सांगायला आले. तू हात जोडलेस.”

इशिता भिंतीवरच्या टायरांच्या जाहिराती फार लक्षपूर्वक वाचू लागली. तिचे खांदे हलत होते. केदारला खोटं बोलणं इंग्रजीतही जमत नसे. त्यानं सगळं सांगितलं. जोॲननं शांतपणे ऐकलं, इंदूबाईंकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि फॉर्मची घडी करून टोपलीत टाकली. आता टायर गरम पाण्याच्या फवाऱ्यानं धुवावे लागतील, आणि आधी चार गाड्या आहेत. साडेअकरा तरी वाजतील.

म्हणजे स्पोकेनला साडेचार. इंदूबाईंनी खुर्चीत बसून घड्याळाकडे पाहिलं, मग नारळाकडे, मग सुनेकडे हात पुढं केला. “फोन लावून दे विहीणबाईंना.”

“मी बोलू का, आई?”

“मला तोंड आहे.”

पलीकडून गोड आवाज आला. “नमस्कार, इंदूताई. निघालात का?”

“कुठलं निघतोय,” इंदूबाई म्हणाल्या. “टायरवाल्यांनी घोळ घातला हो. ह्या लोकांना काम म्हणून धड येत नाही. तुम्ही आपली वाट बघू नका. मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही.”

वसुधाताई म्हणाल्या, “टायरचा फोटो आलाय ना इकडे. इशितानं मघाशीच ग्रुपवर टाकला. सगळं लिहूनसुद्धा.”

इंदूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून पुन्हा जाहिरातींकडे वळली.

“मोठा करून बघितला मी,” वसुधाताई सांगत होत्या. “चाळीस वर्षं मुलींना शिवण शिकवलंय, इंदूताई. इतकं सुबक भरलेलं काम बघितलं नाही. रेषेच्या बाहेर एक थेंब नाही. मी तर दहापैकी नऊ दिले असते. या तुम्ही सावकाश. ओटी तुम्ही आल्यावरच. भटजी काही माझ्या शब्दाबाहेर नाहीत, दुसरा मुहूर्त काढतील.”

फोन बंद झाला. केदारनं सुटकेचा श्वास सोडला. इशितानं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. आईंच्या डोळ्यांत पाणी येणार, असं तिला वाटलं.

इंदूबाईंनी नारळ बाजूला ठेवला. चौथीत शाळा सुटल्यापासून त्यांना कुणी मार्क दिले नव्हते.

“पुन्हा लाव गो फोन,” त्या म्हणाल्या. “विचार त्यांना, एक कशाबद्दल कापला.”