वीणा खाली ठेवायची नाही

गादीची वळकटी जीपच्या टपावर चढवताना सरदारभाईंच्या हाताला काहीतरी टणक, गोल लागलं.

"देविदासभाऊ, गादीत काय गुंडाळलंय? कलिंगड?"

"हळू बोला," देविदास त्यांच्या कानाशी लागला. "वीणा हाय. राजकन्येला समजू देऊ नका."

"आपण सुट्टीला चाललोत ना?"

"तुमी सुट्टीला. मी सप्त्याला."

प्रकार असा होता. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत देविदासची मेस. अठरा वर्षं त्यानं परगावच्या पोरांना दोन वेळा जेवू घातलं, त्यातले कितीतरी डॉक्टर होऊन गेले, आणि स्वतःची लेक राजकन्या मात्र तिसऱ्यांदा मेडिकलची परीक्षा देऊन वेटिंगवर चौथी लटकली होती. शेवटची यादी आठवड्याभरात लागणार होती. देविदास दर तासाला मोबाईल उघडून बघायचा. त्या नादात एकदा वरणात दोनदा मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. शेवटी राजकन्येनं फर्मान काढलं, की यादीपर्यंतचे सात दिवस सगळ्यांनी समुद्रावर काढायचे. गोकर्णाच्याही पुढं, जिथं बोटीशिवाय जाता येत नाही आणि फोनला रेंज नाही, अशा जागी.

"तिथं तुमी नुसतं पडून राहायचं, पप्पा. नवस न्हाई, उपास न्हाई. तीन वर्षं अभ्यास मी केलाय, देवानं न्हाई केला."

देविदासनं मान डोलावली. पण सीट मिळाली तर अखंड हरिनाम सप्ताह घालीन, असा नवस तो कधीच बोलून बसला होता. लोक काम झाल्यावर नवस फेडतात. देविदासला वाटलं, आपण आधीच फेडला तर देव संकोचात पडेल, मग त्याला नाही म्हणणं जड जाईल. त्याचा जीवच हरिनामात. भूकंप झाला तेव्हा तो गावाबाहेरच्या माळावर भजनाला बसलेला होता म्हणून वाचला. तेव्हापासून तो स्लॅबखाली झोपत नसे आणि कीर्तन चुकवत नसे.

आता सप्त्याचा मुख्य नियम असा, की सात दिवस वीणा जमिनीला टेकता कामा नये. एकानं ती गळ्यात घालून उभं राहायचं, रामकृष्णहरी म्हणत राहायचं, आणि पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. गावात त्यासाठी पन्नास माणसं असतात. देविदासकडं तीन होती. तो स्वतः, बायको यशोदाबाई, आणि त्याच्याच गावचे जीपवाले सरदारभाई, ज्यांना अजून कुणी विचारलं नव्हतं.

त्यांना बोटीत विचारलं. सरदारभाई म्हणाले, "मला चालतंय. तुमच्या देवाला इचारा."

"गावच्या सप्त्यात तुमच्या अब्बांनी पहारा केलेला हाय, भाई."

"मंग त्याला आमची वळख हाय."

जागा चालवणारा बसवंत मूळचा निलंग्याकडचा. सहा झोपड्या, एक चूल, आणि लाटांवर उभं राहायच्या लांब फळ्या. त्या शिकायला दूरदेशीची गोरी माणसं त्याच्याकडं येऊन राहत. देविदासनं झोपडीचं नारळाच्या झावळ्यांचं छत खालून नीट बघितलं आणि समाधानानं म्हणाला, "वरून पडलं तरी झावळीच पडंल."

रविवारी सकाळी राजकन्या डोळे चोळत बाहेर आली, तर समोर आई समुद्राकडं तोंड करून उभी, गळ्यात वीणा.

"मम्मी, हे काय?"

"रामकृष्णहरी," यशोदाबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांनीच नवऱ्याकडं खूण केली.

राजकन्या दिवसभर बापाशी बोलली नाही. फळी घेऊन पाण्यात गेली, चाळीसदा पडली, आणि जेवायलाही पाठ करून बसली. देविदासला वाईट वाटलं. पण अर्ध्यावर वीणा ठेवली आणि सीट गेली तर जन्मभर तोंड कुठं लपवायचं?

सोमवारी यशोदाबाईंच्या तळपायात शिंपला घुसला आणि त्या पहाऱ्यातून गळाल्या. उरले दोघं. वाळूत उभं राहिलं की पाय घोट्यापर्यंत रुतत, म्हणून देविदासनं बसवंतकडं उभं राहायला काहीतरी लाकडी मागितलं. बसवंतनं एक जुनी फळी वाळूवर टाकून दिली. झालं. गोऱ्या माणसांनी सकाळी पाहिलं तर एक वयस्क गृहस्थ कोरड्या वाळूत फळीवर उभे, डोळे मिटलेले, पायांची हालचाल नाही. ते पाण्यात जाऊन, पडून, नाकातोंडातलं पाणी काढत परत आले तरी हे उभेच. एका उंच बाईनं बसवंतला हे कोण म्हणून विचारलं.

बसवंत माणसाला कमी लेखणारा नव्हता. "लातूरचे हाईत," त्यानं तिच्या भाषेत सांगितलं. "तीन-तीन तास पडत न्हाईत."

मंगळवारी देविदासच्या दोन्ही बाजूंना वाळूत फळ्या टाकून पाच माणसं डोळे मिटून उभी होती.

बुधवारी बसवंत भाजी आणायला बोटीनं पलीकडं गेला. जीप बघून येतो म्हणून सरदारभाईही गेले. तोवर देविदास सलग सात तास उभा होता. परत आल्या आल्या सरदारभाईंनी वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली आणि ओठ न हलवता म्हणाले, "यादी लागली. पोरीला सीट मिळाली. सोमवारपर्यंत हजर व्हायचंय. आता बोंबलू नका."

देविदास मटकन वाळूत बसला. डोळे भरून आले. पहिला विचार आला, पोरीला मिठी मारावी. दुसरा आला, की तिला कळलं तर ती म्हणणार, झालं ना काम, ठेवा आता वीणा. आणि अखंड सप्ता चौथ्या दिवशी खंडित. "भाई, शनिवारपर्यंत तोंड बंद," तो म्हणाला, आणि राहवेना म्हणून यशोदाबाईंना तेवढं जाऊन सांगून आला.

पण नवल पुढंच होतं. त्याच संध्याकाळी राजकन्येनं आपण होऊन बापाच्या सुजलेल्या पायांना गरम पाण्यानं शेकलं. मग बसवंतच्या भरती-ओहोटीच्या फळ्यावर खडूनं दुसरा रकाना आखला: वीणा. एक-एक तासाचे पहारे आणि त्यापुढं नावं. सगळी गोरी मंडळी, ती स्वतः, बसवंत, त्याची स्वैपाकीण धोंडाबाई, आणि खाली चार ते पाच, पप्पा.

"एकच?" देविदासनं विचारलं.

"बाकी जागा भरल्या. तुमी वेटिंगवर हाव."

गुरुवारपासून देविदासला कामच राहिलं नाही. उंच बाई "रामकिस्नारी" म्हणत वेळेआधी येऊन उभी राहायची आणि वेळ झाली तरी वीणा सोडायची नाही. तो दोन झाडांमधल्या झोळीत पडला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याला दुपारी झोप लागली. उठल्यावर नारळपाणी, मग भाजलेलं रताळं, मग पुन्हा झोप. हीच विश्रांती पोरगी मागत होती, हे त्याच्या ध्यानात आलं, पण कबूल करायला तोंड नव्हतं.

शुक्रवारी तीन ते चार राजकन्येचा पहारा. काठावर घोटाभर पाण्यात ती वीणा घेऊन उभी होती, फळी दोरीनं पायाला बांधलेली. चार वाजायला आले होते आणि पाण्यातून उंच बाई ओरडू लागली, की लाट आली, हीच, हीच घे. वीणा द्यायला जवळ कुणी नाही, खाली ठेवायची सोय नाही. उभं राहायचं आणि टेकवायची नाही, एवढेच दोन नियम. राजकन्या वीणेसकट फळीवर चढली.

झोळीत देविदासला जाग आली ती आरडाओरड्यानं. त्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. पाच दिवस पडणारी पोरगी उभी होती. एक हात वीणेवर, दुसरा वाऱ्यावर, गुडघे वाकलेले, आणि खालून पांढरा फेस तिला घेऊन सरळ काठाकडं निघालेला.

मग ती पडली. वीणा गळ्यातून निसटली आणि भोपळ्याच्या जोरावर पाण्यावर डुलत निघाली.

आठवड्यात घोट्याच्या वर न भिजलेला देविदास धोतरासकट समुद्रात शिरला. वीणा हाताला लागली तेवढ्यात लाटेनं त्याला आडवा केला. तो उठला तेव्हा वीणा डोक्यावर धरलेली होती आणि राजकन्येनं त्याचा दंड पकडला होता.

"टेकली का गं कुठं?"

"न्हाई. पाण्यावरच होती."

"मंग अखंड हाय," देविदासनं निकाल दिला. लेकीचे डोळे लाल दिसले तसा तो विरघळला. "रडू नको, बाई. तुजी सीट कुठं जात न्हाई. बुधवारीच पक्की झालीय."

"रडतंय कोण? खारं पाणी गेलंय." ती थांबली. "तुमाला कोण सांगितलं?"

"सरदारभाईनं. म्हंजे? तुला म्हाईत हाय?"

"बसवंतकाकानं सांगितलं. बुधवारीच."

दोघांच्या मधून एक लाट येऊन गेली.

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी त्याच बोटीनं पेढे वाटायला पळाला असताव. निदान वीणेपायी तरी सात दिवस इथं राहताल म्हणून तर पहारे लावले. अन् तुमी?"

"तू वीणा ठेवायला लावली असतीस."

काठावरून यशोदाबाई, पायाला चिंधी बांधलेल्या, सरदारभाईंच्या खांद्यावर हात ठेवून ओरडल्या, "झालं का तुमचं? दोघांनी बी मला येगयेगळं गुपचूप सांगून ठेवलंय. तीन दिवस माझ्या पोटात दुखून राहिलंय. या आता भायेर."

राजकन्येला हसू आवरेना. तिनं बापाचा हात ओढला. "चला पप्पा."

देविदासनं उन्हाकडं बघितलं. वीणा गळ्यात घातली, धोतराचा सोगा कमरेला खोचला, आणि येणाऱ्या लाटेकडं तोंड करून नीट पाय रोवून उभा राहिला.

"चार वाजून गेले," तो म्हणाला. "माझा पहारा पाचपर्यंत हाय."