गंगेतला भोकाचा पैसा

शेजारचे प्रभाकरकाका घरात आले की आधी माझ्या डाव्या गुडघ्यावरून मशीन फिरवतात. अपघातानंतर त्या गुडघ्यात स्टीलची पट्टी बसवलेली आहे. मशीन ‘टुंईं’ करून ओरडलं की काका खूश. “बॅटरी ठणठणीत!” म्हणतात आणि चहाही न घेता गंगेवर निघतात. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.

मशीन जमिनीतला धातू शोधायचं. ऑनलाइन मिळालेलं सगळ्यात स्वस्त. दांड्याला चिकटपट्टी, खालच्या तबकडीला पाणी लागू नये म्हणून शॉवर कॅप. नाणं, खिळा आणि बाटलीचं बूच यांतला फरक त्याला कळत नाही. त्यावरून मी चिडवलं, तर काका म्हणाले, “संत आहे हो ते! सगळ्यांना सारखंच मानतं.”

पाणी कमी असलं की काका पँट दुमडून पात्रात उतरतात. बुचं पिशवीत जातात. नाणी मात्र पुसून, कपाळाला लावून परत पाण्यात! घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मंदाबाई कळवळते.

“ओ काका, टाकता कशाला? आम्हाला द्या ना!”

“कोणाचं तरी मागणं आहे ते, बाई. आपण कसं मोडायचं?”

मलाही हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. परवा पायरीवर बसून विचारलंच, “सगळं परतच टाकायचं, तर शोधता काय?”

“भोकाचा पैसा.”

तो जुना तांब्याचा पैसा काकूंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायचा. लहानपणी त्यांच्या आईनं बांधलेला.

“माझं हार्टचं ऑपरेशन होतं ना, त्या दिवशी हिनं तो इथं टाकला. माझ्यासाठी. मी धडधाकट घरी आलो, आणि वर्षभरात हीच आजारी पडली. तेव्हा हे मशीन आणलं. म्हटलं, तो पैसा हुडकायचा आणि हिच्यासाठी मागून परत टाकायचा.”

“दुसरं नाणं टाकायचं होतं की.”

“टाकली हो, मुठीनं टाकली. पण तिनं गळ्यातलं दिलं होतं. माझ्या खिशातल्या चिल्लरीला तेवढं वजन कुठलं?”

काकूंना जाऊन आता तीन वर्षं झाली. तरी मला विचारल्यावाचून राहवेना.

“आता सापडला, तर काय मागाल?”

काका उठले. पाण्यात एक पाय टाकून थांबले.

“तेच,” म्हणाले. “उशीर झाला म्हणून मागायचंच नाही का?”